झाकणावरची नावं

नजीर : माझ्या पेटीला हात कोणी लावला?

योगेश : मी लावला चाचा. का?

नजीर : का विचारतोस? वरच्या खणात डाव्या कोपऱ्यात दहाची गोटी असते माझी. आज तिथं स्क्रू ड्रायव्हर लागला हाताला.

योगेश : नीट लावली पेटी, म्हणून. वरच्या खणात स्क्रू ड्रायव्हर आन् पकडी, खाली पाने, मधल्या खणात सगळ्या गोट्या, नंबरानं. आठ, नऊ, दहा, अकरा, अशा सरळ. कोणीपण येऊन बघितलं तर एका नजरेत कळंल. तुमच्या पेटीत नुसता बाजार होता. दहाच्या शेजारी सतरा, सतराच्या शेजारी बारा.

नजीर : बाजार होता तर माझा होता. तीस वर्षं या गॅरेजचा मोठा मिस्त्री आहे मी. माझी पेटी मी घासतो, मीच लावतो. दसऱ्यालासुद्धा.

योगेश : ह्या दसऱ्याला कुठं होता तुमी? परवा दुपारीच निघून गेलात. कौसरकडं पंचवटीत जायचंय म्हणालात. मग हत्यारं पूजेला मांडायची तर घासणार कोण? मी घासली. काल दिवसभर झेंडूत बसली होती, दसऱ्याच्या दिवशी हत्याराला हात लावायचा नसतो. आज सकाळी उचलली, कुंकू पुसलं, पेटीत लावली. चौदा वर्षं तुमच्या हाताखाली काढली, एवढं तर करायलाच पाहिजे.

नजीर : गोट्या अशा गुळगुळीत का लागतायत?

योगेश : ग्राइंडरवर धरल्या. काठाला कोणी तरी कानशीनं खाचा पाडल्या होत्या बघा. दहाला एक खाच, बाराला दोन, तेराला तीन. एवढी चांगली हत्यारं कोणी खराब केली कोणास ठाऊक. काढून टाकल्या सगळ्या. कशा चकचकीत झाल्यात, बघा की.

नजीर : सगळ्या काढल्यास?

योगेश : एक नाय ठेवली.

नजीर : योगेश, त्या खाचा कोणी पाडल्या ते तुला माहीत होतं.

योगेश : मला कसं माहीत असणार? या ताई, या. तुमचीच वाट बघत होतो. चाचा, हर्षालीताई आल्यात.

हर्षाली : चाचा, लताबाईंची गाडी घेतली का? त्या अकराला येतायत. इथूनच इगतपुरीला निघणार आहेत. पुढचे ब्रेक पॅड बदलायचेत, चाकं योगेशनं काढून ठेवलीत. तुम्हीच करा. मी थांबते.

नजीर : तू थांबतेस? पप्पा गेल्यापासून तू केबिनच्या बाहेर पाय टाकला नाहीस, बेटी. लहानपणी यायचीस. फ्रॉक ग्रीसमध्ये माखून घरी जायचीस आणि तुझी आई मला बोलायची.

हर्षाली : आठवतं मला. आज थांबते. करा तुम्ही.

नजीर : बरं. योगेश, चौदाची गोटी दे.

योगेश : पेटी तुमच्या पायाशी हाय चाचा. मधला खण. डावीकडनं नंबरानं.

नजीर : देतो की नाही?

योगेश : माझे हात ऑइलचे हायेत. घ्या ना तुमीच.

नजीर : आठ... नऊ... दहा... अकरा... बारा... तेरा... चौदा. ही आली. थांब, बसवतो. ही... ही बोल्टावर नुसती फिरतेय. बोल्टाचं डोकं झिजलंय बहुतेक.

योगेश : बोल्ट नवा हाय. तुमच्या हातात पंधराची हाय.

नजीर : मी मोजून घेतली.

योगेश : बरोबर मोजली तुमी. फक्त अकराची गोटी माझ्या खिशात हाय. म्हणून पुढचं सगळं एकेक घर सरकलं.

हर्षाली : चाचा, मोजता कशाला? नंबर कोरलेला असतो ना प्रत्येक गोटीवर. वाचा.

नजीर : चष्मा घरी राहिला, बेटी.

हर्षाली : चष्मा डोळ्यांवर आहे तुमच्या.

नजीर : हा लांबचा आहे. जवळचा राहिला.

योगेश : मग लांबचं विचारतो. चाचा, इकडं बघा. मी हातात काय धरलंय?

नजीर : काय पोरखेळ लावलाय. गोटी आहे.

योगेश : कितीची?

नजीर : चौदाची असेल. मघापासून तीच लागतेय ना.

योगेश : हात रिकामा हाय माझा.

हर्षाली : योगेश, बास.

योगेश : तुमीच म्हणालात ताई, खात्री करून दे. करून दिली.

नजीर : तू म्हणालीस? हर्षाली, तू सांगितलंस याला?

हर्षाली : मी एवढंच म्हणाले की मला खात्री पाहिजे. परवा रात्री त्यानं मला त्या खाचा दाखवल्या. माझा विश्वासच बसेना. कधीपासून दिसत नाही, चाचा?

नजीर : दिसतं. अगदीच दिसत नाही असं नाही. तू उभी आहेस ते दिसतंय. शटरकडून उजेड येतो तेव्हा गाडीचा आकार कळतो.

हर्षाली : कधीपासून?

नजीर : गेली दिवाळी झाल्यावर सुरू झालं. डाव्या डोळ्याचं आधी गेलं. काचबिंदू म्हणतात डॉक्टर. परवा कौसरकडं नव्हतो गेलो, डॉक्टरकडं गेलो होतो. गेलंय ते परत येत नाही म्हणाले. राहिलंय तेवढं सांभाळा.

हर्षाली : म्हणजे वर्षभर तुम्ही लोकांच्या गाड्यांचे ब्रेक चाचपडत बांधताय.

नजीर : चाचपडत नाही. हातानं. तीस वर्षं हातानंच करतो मी. गाडीखाली झोपल्यावर कुठल्या मिस्त्रीला दिसतं? हात वर जातो, बोल्ट सापडतो. फक्त हत्यार कुठलं घेतलं ते कळलं पाहिजे. बोटांना गट्टे पडलेत, तेराची आणि चौदाची गोटी नुसती धरून सांगता येत नाही. म्हणून खाचा पाडल्या. म्हणून ती पेटी तशी होती. बाजार नव्हता तो. मला ज्या क्रमानं हत्यारं लागतात, तो क्रम होता.

हर्षाली : हुस्नबानोचाचींना माहीत आहे?

नजीर : तीच द्वारकेच्या चौकातून रस्ता पार करून देते रोज. तुम्हाला वाटलं, डबा द्यायला येते.

हर्षाली : मला सांगायचं होतंत.

नजीर : तू विचारायचं होतंस. माझ्याशी बोलायचं सोडून याला माझ्या पेटीवर सोडलंस.

हर्षाली : विचारलं असतं तर काय म्हणाला असतात?

नजीर : दिसतं म्हणालो असतो.

हर्षाली : मग? चाचा, गेल्या महिन्यात चिमाजींची जीप विल्होळीवरून परत आली. पुढच्या डाव्या चाकाला ब्रेकचा बोल्ट हातानं निघत होता. नऊ माणसं होती आत. आवाज आला म्हणून ड्रायव्हर थांबला. आवाज आला नसता आणि कसारा घाट लागला असता, तर मी आज कुठं असते? जॉबकार्डावर तुमचं नाव होतं. मी कोणाला काही बोलले नाही. पण त्या दिवसापासून मला झोप नाही.

नजीर : डाव्या चाकाला?

हर्षाली : हो. डाव्या.

नजीर : नक्की डाव्या?

हर्षाली : मी स्वतः बघितलं, चाचा. योगेशनं माझ्यासमोर आवळून दिला.

नजीर : अच्छा. योगेशनं आवळला.

योगेश : काम तुमच्याकडं होतं चाचा.

नजीर : हो. माझ्याकडं होतं. योगेश, तुला मी हाताला धरून शिकवलं. तू सिन्नरहून आलास तेव्हा तुला पाना उलटा धरलेला कळत नव्हता. आपला माणूस म्हणून तरी बाजूला घेऊन विचारायचं होतंस. मला फार लागलं रे.

योगेश : केरूमिस्त्रीला तुमी बाजूला घेतलं होतं?

हर्षाली : कोण केरूमिस्त्री?

योगेश : ताईला माहीत नाय? दर दसऱ्याला सांगायचे चाचा, पूजा झाल्यावर पेढे खाताना. सांगा ना.

नजीर : तू गप बस.

योगेश : मी सांगतो. ही पेटी आधी केरूमिस्त्रीची होती ताई. तुमच्या पप्पांच्या वेळचा मोठा मिस्त्री. म्हातारपणी त्याचे हात कापायला लागले. तो हात खिशात घालून फिरायचा, कोणाला कळू द्यायचा नाय. चाचांना कळलं. तेव्हा चाचा त्याच्या हाताखाली होते. एक दिवस तुमचे पप्पा आले तेव्हा चाचांनी चहा मागवला आन् केरूमिस्त्रीचा ग्लास काठोकाठ भरून दिला. सगळ्यांसमोर. पप्पा म्हणाले घे, तर घ्यायलाच लागला. अर्धा चहा अंगावर. तोंडानं प्यायला वाकला तर उरलेलापण सांडला. चाचा लय भारी करून दाखवायचे ते वाकणं. आमी पोट धरून हसायचो.

हर्षाली : खरं आहे हे, चाचा?

नजीर : खरं आहे.

हर्षाली : पप्पांनी काय केलं?

नजीर : त्याला घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी पेटी माझ्या हातात दिली. पुढच्या वर्षी गेला तो.

योगेश : बघा. शिकलो ते कोणाकडनं शिकलो?

हर्षाली : हे असं नको बोलूस त्यांना. चाचा, ऐका. मी तुम्हाला आजच्या आज जा म्हणणार नाही. दिवाळीपर्यंत रोज या. खुर्ची टाकून देते शटरपाशी. कस्टमरशी बोला, चहा घ्या. फक्त पान्याला हात लावायचा नाही. दिवाळीत आपण छान कार्यक्रम करू. शाल, श्रीफळ, सगळ्यांचा एक फोटो. फ्रेम करून देईन.

नजीर : फ्रेम कोणाला दाखवतेस?

हर्षाली : चाचा, असं बोलू नका. मलाही वाईट वाटतंय.

नजीर : वाटत असेल. लहानपणी तुझं बोट दारात सापडलं होतं तेव्हा मीच काढलं होतं, तेव्हापण तू मलाच मारलं होतंस. घरी बसून करू काय मी? भिंत बघत बसलो असतो, तर तीही दिसत नाही. या जागेत मला सगळं माहीत आहे. इथं नळ, इथं खड्डा, इथं पायरी. बाहेर पडलो की मी आंधळा. इथं मी मिस्त्री होतो.

हर्षाली : लताबाई येतीलच इतक्यात. योगेश, ब्रेक तू कर. आणि चाचा, पेटी आजच त्याला देऊन टाका. गॅरेजची आहे ती. लांबवून उपयोग नाही.

(हर्षाली केबिनमध्ये जाते. काचेचं दार लागल्याचा आवाज.)

योगेश : गेल्या त्या. बसा चाचा. खुर्ची मागंच हाय. अजून मागं. हां.

नजीर : आधी खिशातली अकराची गोटी काढ.

योगेश : कशाला?

नजीर : जागेवर ठेव. पेटी दुसऱ्याच्या हातात देताना अपुरी देत नाहीत.

योगेश : ठेवली. आवाज ऐकला ना? चाचा, एक विचारू?

नजीर : विचार.

योगेश : जीपचं तुमी काही बोलला नाय.

नजीर : काय बोलायचं होतं?

योगेश : डावं चाक माझ्याकडं होतं त्या दिवशी.

नजीर : ठाऊक आहे. उजवीकडं मी होतो. तू फोनवर बोलत होतास, बायकोला माहेराहून कधी येणार विचारत होतास. माझे दोन्ही बोल्ट मी दोनदा आवळले. मला दिसत नाही म्हणून मी सगळं दोनदा करतो.

योगेश : मग ताईला सांगितलं का नाय?

नजीर : सांगितलं असतं तर तिनं पहिला प्रश्न काय केला असता? चाचा, तुम्हाला दिसलं का?

योगेश : मीपण तेच विचारलं असतं.

नजीर : म्हणून नाही सांगितलं.

योगेश : तुमी मनात धरू नका. कधी तरी हे होणारच होतं. आज ना उद्या तुमच्याकडनं पण बोल्ट ढिला राहिला असता.

नजीर : राहिला असता. पण राहिला नव्हता.

योगेश : बरं, पेटी घेऊ का मग? लताबाई येतील.

नजीर : घे. आधी झाकण वर कर. आतल्या बाजूला पत्र्यावर पंचनं ठोकलेली नावं आहेत. माझं बोट तिथं ठेव.

योगेश : हे बघा. हे वरचं केरू. मधलं नजीर.

नजीर : केरूचं नाव केवढं आहे रे? मला वाटायचं माझंच मोठं आहे.

योगेश : तुमचंच मोठं हाय. दुप्पट हाय.

नजीर : तू तुझं कुठं ठोकणार?

योगेश : तुमच्या खाली. मधोमध, ठळक. आजच ठोकतो संध्याकाळी.

नजीर : लहान ठोक. खाली अजून एकाला जागा लागेल.