रोज एक दगड

(स्वयंपाकघर. टेबलावर फोन, शेजारी खाडाखोड केलेले कागद.)

धाकटी : पाचवं रेकॉर्डिंग परत लाव.

थोरला : पाचवं दोनदा ऐकलं. तू विचारतेस, आई, तुझं लहानपण कसं गेलं, आणि ती म्हणते, आधी त्या शेंगा सोल. तिला जाऊन आठवडा झाला, उद्या शोकसभेला एवढी माणसं जमणार, त्यांना हे ऐकवणार आहेस?

धाकटी : दादा, डोकं उठवू नकोस. रजा काढून अकरा दिवस बसले होते मी तिच्यासमोर. काहीतरी सापडेलच.

थोरला : अकरा दिवस बसलीस आणि फोनमध्ये सगळं मिळून अर्धा तास. बाकीचं कुठं गेलं?

धाकटी : बाकीचं उपयोगाचं नव्हतं.

थोरला : म्हणजे?

धाकटी : म्हणजे पाल्हाळ. कुठली गाय कधी व्याली, पाटाचं पाणी कुणी फोडलं, कुठल्या साली कांदा सडला. मी तिच्याबद्दल विचारायचे आणि ती विषयाला फाटे फोडायची. मग मी फोन बंद करायचे. म्हटलं, मुद्द्यावर आली की पुन्हा चालू करू.

थोरला : आली का मुद्द्यावर?

धाकटी : नाही.

थोरला : धन्य आहेस. संपादक म्हणून लोकांची पुस्तकं कापून कापून पोट भरतेस, तशी आईपण कापलीस.

धाकटी : तू काय दिवे लावलेस? जन्मभर तिच्याजवळ राहिलास. मग उद्या तूच बोल.

थोरला : मला चारचौघांत बोलता येत नाही. माहीत आहे तुला.

धाकटी : मग हे ऐक, मी लिहिलंय. "आमची आई अत्यंत कष्टाळू, प्रेमळ आणि सोशिक होती. साठ वर्षं तिनं या शेताला आणि संसाराला वाहून घेतलं."

थोरला : हे कुणाच्याही आईला चालेल. पलीकडच्या म्हातारीलाही प्रेमळच म्हणाले होते, आणि ती काय चीज होती ते तुला ठाऊक आहे.

धाकटी : मग तू सांग एखादी गोष्ट. एक तरी.

थोरला : काय सांगू? ती सगळी दारं पायानं उघडायची. हात कधी मोकळे नसायचेच. गोठ्याचं दार बघ, खालच्या बाजूला रंग राहिलेला नाही. आता हे काय चारचौघांत सांगायचं?

धाकटी : मला हे माहीतच नव्हतं.

थोरला : घरात वाढलीस ना तू? सातवं ऐक.

फोनमधली धाकटी : आई, तू सुखी होतीस का गं?

फोनमधली आई : आता काय विचारतेस बाई. माझी पाठ धरलीय, जरा चोळून दे.

थोरला : दिलीस का चोळून?

धाकटी : दिली. फोन बंद करून.

थोरला : आणि तेव्हा बोलली असेल.

धाकटी : तेव्हाच बोलायची. पाठ चोळताना, शेंगा सोलताना. समोर फोन धरला की तोंडाला कुलूप. नववं लाव. शेवटचंच आहे.

फोनमधली धाकटी : तुला सगळ्यात जास्त दुःख कधी झालं, आई?

फोनमधली आई : खालच्या शेताच्या बांधावर दगड किती आहेत, मोजलेस कधी?

फोनमधली धाकटी : मी काय विचारतेय आणि तू काय सांगतेयस.

फोनमधली आई : ऐक तरी. मी लग्न करून आले तेव्हा शेत नुसतं दगडांनी भरलेलं. मी म्हटलं, रोज घरी येताना एक उचलायचा आणि बांधावर ठेवायचा. रिकाम्या हातानं यायचं नाही. तुझे वडील हसले होते मला. वरच्या कोपऱ्यात तो पांढरा आहे ना, तो मी त्या दिवशी...

थोरला : पुढं?

धाकटी : पुढं नाहीये.

थोरला : नाहीये म्हणजे?

धाकटी : मी बंद केलं.

थोरला : ती सांगत होती आणि तू बंद केलंस.

धाकटी : मी दुःखाचं विचारलं आणि तिनं दगड काढले. मला वाटलं, झालं हिचं सुरू. नंतर चांगली अर्धा तास बोलत होती. मी शेंगा सोलत होते आणि मनात पुढचा प्रश्न जुळवत होते. काय बोलली, आठवत नाही दादा. एक अक्षर आठवत नाही. ओरड ना आता.

थोरला : ओरडून काय परत येणार आहे?

धाकटी : मला तिचाही राग येतोय. सरळ का नाही सांगितलं? सगळं त्या दगडांमधून. आपल्यालाही वाहायला लावायची. मैत्रिणी वाटेवर दिसल्या की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी झुडपात टाकून द्यायचे.

थोरला : ठाऊक होतं तिला.

धाकटी : काय?

थोरला : दुसऱ्या दिवशी झुडपातून काढून स्वतः ठेवायची. तुझा दगड म्हणून वेगळा. मी मागून यायचो ना.

धाकटी : मला कधी बोलली नाही.

थोरला : तुला बोलली असती तर तू दोन दिवस जेवली नसतीस.

धाकटी : पांढरा कुठला रे?

थोरला : राहू दे.

धाकटी : तुला माहीत आहे.

थोरला : मागच्या वर्षी वरचा कोपरा मोडायला निघालो होतो मी. ट्रॅक्टर वळत नाही तिथं. तर ही काठी टेकत खाली आली आणि त्या पांढऱ्या दगडावर बसली. उठेचना. ड्रायव्हर ताटकळलेला. मी चिडलो. म्हटलं, आई, एका दगडासाठी अडून बसतेस? तर म्हणाली, तुला आठवत नाही का रे? मी म्हटलं, नाही.

धाकटी : मग?

थोरला : मग काय. ती उठली आणि घरी गेली. मी ट्रॅक्टर परत पाठवला. त्यावर आम्ही पुन्हा बोललो नाही.

धाकटी : आणि तुला खरंच आठवत नव्हतं?

थोरला : आठवत होतं.

धाकटी : मग नाही का म्हणालास?

थोरला : ड्रायव्हरसमोर रडू आलं असतं. वर्ष होतं हातात, नंतर कधीही सांगता आलं असतं. उद्या सांगू, परवा सांगू. तुझ्यावर तोंड टाकतोय सकाळपासून, आणि मी काय वेगळं केलं?

धाकटी : दादा, काय आठवत होतं?

थोरला : तुझ्या आधी एक होता.

धाकटी : कोण?

थोरला : भाऊ. नऊ दिवसांचा होऊन गेला. मी सहा वर्षांचा होतो. दुसऱ्या दिवशी सगळे नको नको म्हणत असताना ती खालच्या शेतात गेली. मी तिच्या मागं मागं. दिवसभर खुरपत होती. संध्याकाळी निघताना...

धाकटी : थांब.

थोरला : बघ. थांबवलंसच.

धाकटी : बंद नाही करत. फोन चालू करतेय.

थोरला : मला नाही जमायचं.

धाकटी : येईल तेवढं बोल. मी मध्ये काही विचारणार नाही.

थोरला : मला आधी तांबड्या गायीचं सांगावं लागेल. त्याच आठवड्यात व्याली होती ती. ते सांगितल्याशिवाय पुढचं नाही यायचं मला. बराच वेळ लागेल.

धाकटी : चालू आहे. तू बोल.