पुढची चाकं

पेट्रोलच्या रांगेत दोर्लिगच्या गाडीपुढे एक जुनी रशियन जीप होती. प्रवास सुखाचा व्हावा म्हणून एक म्हातारा चाकांवर दूध शिंपडत होता. त्याची मुलगी बघत होती.

"आबा, मागची झाली. पुढची चाकं?"

"पुढचा अ‍ॅक्सल कुणी बदलला?"

"मीच. भंगारातल्या जीपचा काढून बसवला. जुन्यासारखा हाही नदीत मोडेल, असं वाटतंय ना तुम्हाला?"

"तुझ्या आईनं चारही चाकांना शिंपडलं असतं."

"मग तुम्ही का नाही?"

"मागचं काम कारखान्याचं. तिथं सांभाळ म्हणून आभाळाला सांगावं लागतं. पुढचं तुझ्या हातचं आहे. तिथं आभाळाला कशाला त्रास?"

"रांग सरकली, आबा. शिंपडा लवकर."

"गाडी घे पुढे. उरलेलं दूध तू पी."