कूस

निमाणीच्या स्टँडवर सायखेड्याच्या बसची रांग काही हलेना, पण दहावीतल्या उज्वलाला आता बस आली नसती तरी चाललं असतं. तिचे कान पुढच्या दोघी बहिणींकडे लागले होते.

“अक्का, आज नर्सिंग होमात डॉक्टरांनी पट्टी लावून ह्यांच्या पाठीची, पडून पडून झालेली जखम मोजली. चार बोटांची दोन बोटं झाली.”

“म्हंजी आता कापायची नाय?”

“नाय. डॉक्टरांनी सिस्टरला विचारलं, निराळं काय केलं? ती म्हणली, ह्या मावशीच दिवसभर खाटेभवती जागा बदलत्यात.”

“अन् तू कशाला गं बदलतीस, कुसे?”

“खाटेला कागद लावलाय ना. साक्षरता वर्गात शिकले तसं अक्षराला अक्षर लावून वाचलं. ‘कूस : आठ वाजता डावी, दहा वाजता उजवी.’ मला वाटलं, कुसानं कुठं बसायचं ते लिवलंय.”

“अगं येडे, कूस पेशंटची. त्याला वळवायचं असतंय.”

“ते आज कळलं. पण मी डावीकडं बसले की हे बोलायला डावीकडं वळायचे, उजवीकडं बसले की उजवीकडं.”

उज्वलाने हसू दाबायला भूमितीची वही तोंडावर धरली.

“डॉक्टर हसले असतील.”

“लय. मग म्हणले, शेजारच्या खाटेवरच्या बाबांची जखम वाढत चाललीय, त्यांच्याकडं कुणी येत नाय.”

“मग?”

“मग काय, उद्यापास्नं ह्यांच्या डावीच्या वेळेला दोन्ही खाटांच्या मधी बसणार. ह्यांची डावी, ती बाबांची उजवी.”