आंदणातला गुंड अन् घाटातली गाडी

मी मूळचा सेलूचा. आमच्याकडं सारं सपाट, डोंगर म्हणून मी बाजारातल्या कापसाच्या गंज्याच पाह्यल्या होत्या, अन् अशा माणसाले बायको भेटली ती पार सातपुड्याच्या पोटातली, छिंदवाड्याकडची. काय सांगू तुम्हाले, नागपुरापासून ती छोटी कोळशाची गाडी, डबे एवढेसे का पाय लांब केला तं समोरच्याच्या मांडीवर. लग्नाले जाताना मी खिडकीतून मान काढून घाटच पाहत गेलतो, तं मांडवात माह्या तोंडावर हळद कोणती अन् काजळी कोणती, कोणाले समजे ना.

परतीच्या गाडीत सुमन, माही नवी नवरी, माह्या बाजूले. माहेर सुटलं तवापासून एक शब्द नाई. पेढा देल्ला, तो तसाच हातात. समोर माहे मामा, त्याईचं तोंड कधी बंद नाई, ते म्हणत, काऊन बाप्पा, मुकी तं नाई देल्ली? सारे हासले, मीबी हासलो, पण मनात म्हटलं, मुकी नाई, हिले आपण पसंतच नसू. तिच्या बापानं ठरवलं, माह्या बापानं ठरवलं, तिले कोणी विचारलं होतं?

तेवढ्यात घाटात गाडी थांबली. दोन्हीकडं काळा खडक, खाली नाला. इंजिनातलं पाणी कमी पडलं म्हणे. ड्रायव्हर डब्याडब्यानं सांगत आला, भाईयो, जो बर्तन हो निकालो, नहीं तो यहीं मुक्काम. आता भांडी कोणाजवळ? तं आमच्याजवळ, आंदणाची! मामानं परात उचलली, परातीत पाणी कसं आणणार होते त्याईलेच माहीत. मी म्हटलं हाच मोका हाय, अन् सुमनचा कोरा पितळी गुंड, म्हणजे पाण्याची मोठी घागर, घेऊन नव्या धोतरानिशी नाल्यात उतरलो.

भरलाबी. पण वर चढताना पाय सरकला, मी एकीकडं अन् गुंड खडकावर ठण ठण करत दुसरीकडं. सारी वरात पाहून राह्यली. अन् वरून आवाज आला, सोडा तो गुंड, तुम्हाले पाणी भरता येत नाई.

सुमन! पदर खोचून ती खडकावरून अशी उतरली जशी आपल्या अंगणातून चालून राह्यली. गुंडाले पोचा आलता, त्याच्यावरून बोट फिरवलं. मले वाटलं आता रडते, तं माह्या चिखलाच्या धोतराकडं पाहून पदर तोंडात कोंबून हासाले लागली. म्हणे, लागलं का? मी म्हटलं, नाई. म्हणे, मंग उठा, मी भरीन, तुम्ही फक्त धरजा. धरता तरी येते ना?

मंग ती भरे, मी धरू, वरचे ओढत. इंजिनाचं पोट भरलं, शिट्टी झाली. गाडीत बसल्यावर तिनं पेढा मोडला, अर्धा माह्या हातावर ठेवला. मामा ओरडले, बोलली बाप्पा, बोलली! तं सुमन म्हणे, मामाजी, तुम्ही थांबले तं बोलीन ना.

त्याच्यानंतर मामा पार नागपूरपर्यंत गप, अन् ही जे बोलाले लागली ते आजपर्यंत.

आता चाळिशी उलटली. दर उन्हाळ्यात तिच्या माहेरी जातो, तो खडक आला का पोरं ओरडतात, बाबाचा खडक, बाबाचा खडक! पोचा काढून आणतो म्हटलं तं सुमन गुंडाले हात लावू देत नाई. घ्या, पाणी घ्या, त्यातलंच हाय. ती भरते, मी अजूनबी फक्त धरतो.