सगळे विषय पास

“बी.ए.चे सगळे विषय मी पास आहो, मावशी!” अकोल्याहून पहाटे सुटलेल्या मोटारीत त्र्यंबकपंतांनी मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं सांगितलं. शेजारी वांग्यांची टोपली मांडीवर घेऊन पार्बताबाई बसली होती.

“मंग अमरावतीले काहून चालले?”

“परीक्षेले.”

“पास झाल्यावर?”

“त्याचं असं हाय, पहिल्या साली संस्कृत तेवढं राहिलं. दुसऱ्या साली संस्कृत निघालं, तं इतिहासात आपटलो. पण कोन्या ना कोन्या साली सगळे निघाले ना!”

“आमच्या वावराचं बी असंच हाय. एका साली तूर होते, एका साली कपाशी. तुमच्या युनिवर्सिटीले चालते का तसं?”

“नाई चालत. सगळे एकाच साली निघाले पायजे, असा कायदा हाय. औंदा गेलो तं शाळेतली मास्तरकी बी जाते माही.”

“मंग औंदा काय वाचलं?”

“इतिहास! आठ महिने नुसता इतिहास. माझ्यासारखं गाढव एवढं पाठ करते, हे मलेच खरं वाटत नाई.”

“अन् बाकीचे?”

“ते तं मी पास आहो...”

पंतांचा हात पिशवीकडे गेला.

“आज पेपर कायचा हाय, बापू?”

“इंग्रजीचा. अकरा वाजता.”

पंतांनी पिशवीतून इंग्रजीचं पुस्तक उपसलं आणि त्यात डोकं घातलं. मान वर केली तेव्हा मोटार नांदगाव खंडेश्वरच्या बाजारात उभी होती आणि पार्बताबाई टोपली उतरवत होती.

“मावशी, अमरावती?”

“मांगंच गेली. तुमी वाचून राहिले होते, म्हून म्या हाक नाई मारली.”