आमच्याकडची वीज का जायची

आदरणीय अध्यक्ष, म्हणजे आमचे मालक. व्यासपीठावरच्या मालकीणबाई आणि पाहुणे मंडळी. समोर बसलेल्या शिलाई विभागातल्या सगळ्या भगिनी. आणि ज्यांच्या निरोपासाठी आज हा हार आणलाय त्या आमच्या सुपरवायझर बाई,

मी कटिंग मास्तर. भाषण लांबलं तर कापायचंही मलाच आहे, तेव्हा निर्धास्त राहा.

मला सांगा, माणूस इतका शांत असू शकतो? मला तर पहिल्यापासून संशय होता. ऐन कामात वीज जायची. मशीनं बंद, पंखे बंद, ऑर्डर डोक्यावर. मी चडफडायचो. आणि बाई? "पाय काढा गं पॅडलवरून," एवढं म्हणून खिडक्या उघडायच्या. मग कुणी पाठ टेकायची, कुणी हातानं बटणं लावायची. एरवी खडखडाटात हरवणारं एकमेकींचं बोलणं ऐकू यायचं. खरं सांगतो, मलाही जरा बरं वाटायचं. त्यानं संशय आणखीच वाढायचा.

कारण समोरच्या सलूनमधला पंखा फिरत असायचा! वीज काय फक्त आमच्याशीच कट्टी घेते? नक्की कुठेतरी पाणी मुरत होतं. मी पाळत ठेवली. कापडाच्या गठ्ठ्यांमागे दडून बसलो. मालकीणबाई, हसू नका, गुडघे अजून दुखतात. आणि मेन स्विचवर हात आला. बाईंचा.

"बाई, हे काय?"

"हळू बोला, मास्तर. दारापाशी बसते ती बघा. ठरलेलं लग्न मोडलंय तिचं. रडत शिवतेय, बोटात सुई घालून घेईल. एकटीला उठवलं तर सगळ्या तिच्याकडेच बघतील. सगळ्यांनाच बसू दे थोडं."

माझ्या बायकोचं ऑपरेशन ठरलं, त्या दुपारीही वीज गेली होती. मी विचारलं, "तेव्हासुद्धा तुम्हीच?"

"तुमचा हात थरथरत होता, मास्तर. आणि हातात चालू कटर."

मी गठ्ठे पुन्हा जागेवर लावले आणि स्विचचं कुणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदाच सांगतोय.

मालक, तुमच्या कपाळावरची आठी इथून दिसतेय. आत्ताच तुम्ही जाहीर केलंत, सोमवारपासून जनरेटर, वीज गेली की आपोआप सुरू. टाळ्या मीही वाजवल्या. बाईंनी वाजवल्या नाहीत, तेही मी पाहिलं. विनंती एवढीच, की जनरेटर जरूर आणा, पण त्याला आपोआप सुरू होऊ देऊ नका. किल्ली सुपरवायझरकडे असू द्या. उद्यापासून ती खुर्ची तुम्ही मला दिली आहे.

बाई, तुमचे उपकार मोठे आहेत आणि हार फारच लहान आणलाय. मंडप घालणाऱ्यांचे, चहा देणाऱ्यांचे आभार. बोलताना जीभ घसरली असेल तर पोटात घाला. आणि मालक, यापुढे भर कामात मशीनं थांबली, तर बाईंना फोन करून विचारू नका. मी असेन.