शेवटची पेटी

सिनेमाची तिकीटखिडकी अजून उघडायची होती. रांगेत उमाच्या पुढे छत्रीवाले काका आणि त्यांच्यापुढे पिशवीवाल्या बाई. दोघांची ओळख जेमतेम पाच मिनिटांची.

"मला लेकाने रांगेत उभं केलंय. तुम्ही या वयात या अंतराळाच्या सिनेमाच्या तिसऱ्या भागाला?" बाईंनी विचारलं.

"शेवट बघायला येतो हो. दोनदा आलो, दोन्हीदा मेले 'पुढच्या भागात' म्हणून मोकळे!"

"आमच्या लहानपणीचे बरे होते. पत्र्याचं यान, वरची दोरीसुद्धा दिसायची, तरी आम्ही जीव मुठीत धरून बसायचो."

"तो मंगळावर जातो आणि घरी कुत्रा वाट बघत असतो, तो पाहिलात?"

"पाहिला तर! चिपळूणला."

"आम्ही इथे रत्नागिरीत. पण शेवटच्या रिळाची पेटी वाशिष्ठीच्या पुरात तुमच्याकडेच अडकली. टॉकीजवाल्याने दिवे लावले नि म्हणाला, संपला, घरी जा."

"अगो बाई! मग?"

"मग काय? यान तिकडे बिघडलेलं, कुत्रा इकडे दारात. मी चौथीत होतो. दोन दिवस जेवलो नाही."

"अहो, परत येतो की तो!"

"काय सांगता!"

"दाढी वाढलेली, पायाने लंगडत. आईसुद्धा आधी ओळखत नाही."

"आणि कुत्रा?"

"तो लांबूनच धावत सुटतो."

काका छत्रीच्या मुठीवरून नुसता हात फिरवत राहिले. खिडकी उघडली, रांग हलली.

"काका, चला ना पुढे," उमा म्हणाली.

"तू हो पुढे, बाळ. माझा सिनेमा आत्ताच सुटला."